‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण?

गोष्ट १९९६ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली. व्हँकुव्हरला येऊन आम्हाला जेमतेम पाच महिने झाले होते. पाऊस लागला होता, आणि तो काही आपल्या श्रावणासारखा ऊन-पावसाचा खेळ खेळणारा नव्हता. सकाळी हजर, संध्याकाळी हजर, रात्री मुक्कामाला. अशा पावसात, अंगात पुण्याच्या लक्ष्मी रोडवर शिवून घेतलेला सूट, बगलेत पदव्यांची फाईल आणि बुटांत पाणी अशा थाटात आम्ही बर्नबीतल्या एका कंपनीत आयुष्यातली पहिली कॅनेडियन मुलाखत द्यायला गेलो.

मुलाखत घ्यायला दोघं होती. एक पोक्त गृहस्थ आणि एक तिशीतल्या बाई. दोघंही हसतमुख. कॉफी हवी का विचारून झालं, पावसावर दोन वाक्यं झाली, आणि गृहस्थ म्हणाले, "हं, आता तुमच्याबद्दल सांगा." आम्ही सुरुवात केली ती थेट साताऱ्यापासून! जन्म कुठला, वडील कसे हेडमास्तर होते, दहावीला गणितात किती मार्क पडले, असं करत करत पिंपरीच्या कारखान्यापर्यंत पोचायला आम्हाला सहा-सात मिनिटं लागली. तोवर गृहस्थांची कॉफी निम्मी संपली होती.

पुढचा अर्धा तास आम्ही कारखान्यातल्या कामाबद्दल बोललो. इंग्रजी बरं होतं, कामही चांगलं केलेलं होतं. पण प्रत्येक वाक्य सुरू व्हायचं ते ‘वुई’नं. वुई मशीन बसवलं, वुई बिघाड शोधला, वुई खर्च वाचवला. शेवटी त्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि अगदी मृदू आवाजात विचारलं, "सॉरी, पण हे ‘आम्ही’ म्हणजे नक्की कोण? त्यात तुम्ही स्वतः काय केलंत?"

वाचकहो, खरं उत्तर आमच्यापाशी होतं. कारखान्यातला मोठा प्रेस दर महिन्याला बंद पडायचा. कूलरमधून तेलात पाणी शिरतंय हे शोधून काढायला अस्मादिकांनी एकट्यानं तीन रात्री त्या मशीनपाशी काढल्या होत्या. पण त्या क्षणी तोंडातून काय बाहेर पडलं असेल? "टीमवर्क, सर!" आठ दिवसांनी पत्र आलं. आम्ही दाखवलेल्या रसाबद्दल त्यांनी आभार मानले होते. त्यानंतरचे चौदा महिने आम्ही डाउनटाउनमधल्या एका पार्किंगमध्ये रात्रपाळीचे रखवालदार म्हणून काढले.

आज हे सगळं पुन्हा उकरून काढायचं कारण म्हणजे गेल्या हिवाळ्यात आमच्या भाचीच्या तोंडून तोच ‘आम्ही’ आम्हाला पुन्हा ऐकू आला. पण तिच्याकडे वळण्याआधी ह्या रोगाचं मूळ थोडं तपासू या.

संस्कार आणि संकोच

आपण मराठी माणसं लहानपणापासून काय ऐकत आलो? आपल्या तोंडानं आपली स्तुती करू नये. उथळ पाण्याला खळखळाट फार. पाहुण्यांसमोर आई आपल्या पोराचं कौतुक करायला लागली की आजी डोळे वटारायची. समर्थांनी तर दासबोधातल्या मूर्खलक्षणांच्या यादीत आत्मस्तुती करणाऱ्यालाही बसवलं आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत सुटणाऱ्यालाही. म्हणजे आमच्या त्या मुलाखतीत वडिलांच्या हेडमास्तरकीवरून आम्ही एका लक्षणात पास झालो होतो, आणि दुसऱ्यात पास होऊ नये म्हणून नोकरी घालवून बसलो!

हे संस्कार वाईट आहेत असं आम्ही मुळीच म्हणत नाही. चारचौघांत स्वतःची टिमकी वाजवणारा माणूस आम्हाला आजही सोसवत नाही, मग तो मराठी असो की कॅनेडियन. पण ह्याच आजीची दुसरीही एक म्हण होती, ती आपण सोयीस्करपणे विसरतो: भीड भिकेची बहीण. मुलाखतीच्या खोलीत बसलेल्या माणसाला आपला गाव माहीत नाही, कॉलेज माहीत नाही, कारखाना माहीत नाही. तिथं आपण गप्प बसलो तर आपल्या वतीनं बोलायला दुसरं कोणी येणार नाही.

इतक्या वर्षांनी आमच्या ध्यानात आलेली गोष्ट एवढीच आहे. मुलाखतीत स्तुती मागत नाहीत, हिशेब मागतात. दुकानदार वर्षाअखेरी खातेवही पुढं ठेवतो तेव्हा त्याला कोणी बढाईखोर म्हणत नाही. काय काम आलं, काय केलं, काय साधलं, काय साधलं नाही, एवढं खरं खरं सांगणं म्हणजे हिशेब. तो नीट मांडता येऊ लागला की आत्मविश्वास आपसूक येतो. आरशासमोर उभं राहून "मी हुशार आहे, मी हुशार आहे" असं शंभरदा घोकून तो येत नाही. आम्ही तेही करून पाहिलेलं आहे.

सगळा दोष आपला नाही

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नोकरी मिळत नाही म्हणजे आपलंच काही तरी चुकतंय, असा निष्कर्ष काढून कुढत बसणारी मंडळी आम्ही बरीच पाहिली. तसं नेहमीच नसतं. ह्याच ब्रिटिश कोलंबियात १९०७ साली हिंदुस्थानी लोकांचा मताधिकार काढून घेतला गेला आणि तो परत मिळायला १९४७ साल उजाडावं लागलं. मतदारयादीत नाव नाही म्हणून वकिली बंद, औषधविक्रेत्याचा व्यवसाय बंद. आपल्या आधी इथं आलेल्या लोकांना मुलाखतीच्या खुर्चीपर्यंतसुद्धा पोचू दिलं जात नव्हतं.

१९६७ साली कॅनडानं गुणपद्धती आणली आणि शिक्षण, वय, भाषा यांना गुण देऊन माणसं निवडायला सुरुवात केली. आपल्यापैकी बहुतेक जण त्याच वाटेनं आलो. गंमत अशी, की सरकारनं ज्या पदवीला भरभरून गुण दिले, तीच पदवी नोकरी देणाऱ्याच्या टेबलावर ठेवली की तो विचारतो, "पण कॅनेडियन अनुभव आहे का?" आणि काही वेळा तर तिथपर्यंतही जायला मिळत नाही. फिलिप ओरिओपुलस या अर्थशास्त्रज्ञानं टोरांटोतल्या नोकऱ्यांसाठी सुमारे तेरा हजार बनावट बायोडेटा पाठवून एक प्रयोग केला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. शिक्षण तेच, अनुभव तोच, बदललं फक्त नाव. इंग्रजी नावाच्या अर्जांना भारतीय, पाकिस्तानी आणि चिनी नावांच्या अर्जांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त बोलावणी आली. पुढच्या अभ्यासात व्हँकुव्हरमध्येही फरक दिसला. टोरांटोपेक्षा कमी, पण दिसला.

हे वाचून हातपाय गाळायचे नाहीत. आम्ही ह्यातून उलट अर्थ काढतो. आपलं नाव वाचूनही ज्यांनी आपल्याला बोलावलं, त्यांना आपल्यात काही तरी दिसलेलं आहे. चाळणी ओलांडून झाली. आता त्या खोलीतली पाऊणएक तासाची वेळ आपली, आणि ती तरी आपण ‘टीमवर्क, सर’ म्हणून वाया घालवू नये.

भाचीचा फोन

आता भाचीकडे वळू. परभणीच्या कृषी विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतलेली, नाशिकजवळच्या एका फळप्रक्रिया कारखान्यात सात वर्षं क्वालिटी विभागात काम केलेली ही मुलगी नवऱ्याबरोबर सरेला येऊन दहा महिने झाले होते. पहाटे पाचला उठून ती एका कॉफीच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. नवऱ्याचे कामाचे तास कमी झाले होते. भारतातून आणलेली शिल्लक मार्चपर्यंत पुरेल असा तिचा हिशेब होता. मार्चनंतर काय, हा विषय घरात कोणी काढायचा नाही असं जणू ठरलेलं होतं.

एका शुक्रवारी रात्री तिचा फोन आला. "मामा, रिचमंडच्या एका अन्नप्रक्रिया कारखान्यातून बोलावणं आलंय. पुढच्या गुरुवारी. माझ्या हातापायाला कंप सुटलाय." आम्ही म्हणालो, "उद्या सकाळी इकडे ये. येताना जाहिरात घेऊन ये, आणि पदव्यांची फाईल घरीच ठेव."

प्रश्नपत्रिका आधीच हातात असते

शनिवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही ती जाहिरात पसरली. मंडळी, नोकरीची जाहिरात म्हणजे फुटलेला पेपर असतो आणि आपण तो एकदा वाचून बाजूला टाकतो! त्यात ‘तपासण्यांच्या नोंदी ठेवणे’ असं असेल तर नोंदींवर प्रश्न येणार. ‘उत्पादन विभागाशी समन्वय’ असेल तर भांडणं कशी मिटवता हे विचारणार. भाचीनं जाहिरातीतल्या सात अपेक्षा एका कागदाच्या डाव्या बाजूला लिहिल्या आणि प्रत्येकीसमोर उजव्या बाजूला स्वतःच्या नोकरीतला एक खराखुरा प्रसंग. दोन ठिकाणी प्रसंग सुचेना, तर ती जागा तशीच ठेवली. जे येत नाही ते कोणतं, हे आपल्याला आधी कळलेलं बरं.

मग कंपनीची माहिती. ते काय बनवतात, कुणाला विकतात, त्यांच्या मालाचं पाकीट दुकानात कसं दिसतं? हे शेवटचं आमच्या सौभाग्यवतींच्या डोक्यातून निघालं. दोघी जाऊन त्या कंपनीची तीन पाकिटं विकत घेऊन आल्या आणि भाचीनं त्यांवरचं अक्षर न् अक्षर वाचून काढलं. इथले अन्नसुरक्षेचे नवे नियम १५ जानेवारी २०१९ पासून लागू झाले आहेत. तेही तिनं लायब्ररीत बसून वाचले आणि नाशिकला ती ज्या पद्धतीनं काम करत होती तिच्याशी ताडून पाहिले. संध्याकाळी म्हणाली, "मामा, शब्द वेगळे आहेत, पण काम तर तेच आहे!" आमच्या मते निम्मा आत्मविश्वास तिला त्या वाक्यातच मिळाला.

लायब्ररी म्हटलं की आम्हाला हळवं व्हायला होतं. वेस्ट जॉर्जिया रस्त्यावरची ती गोल, रोमन कोलोझियमसारखी दिसणारी मध्यवर्ती लायब्ररी १९९५ साली उघडली. रखवालदारी करत होतो तेव्हा पाळी संपली की आम्ही तिथं जाऊन बसायचो. मुलाखत कशी द्यावी यावरची पुस्तकं आम्ही तिथंच फुकटात वाचली, आणि आमची दुसरी नोकरी त्या खुर्च्यांवरच घडली.

स्टेप्सना मार्क

रविवारी आमची कन्या आली. ती इथंच वाढलेली, आणि माणसं नेमणं हेच तिचं काम. तिनं भाचीला एक गुपित सांगितलं, जे आम्हाला १९९६ साली कोणी सांगितलं असतं तर चौदा महिने वाचले असते. "ताई, आमच्यासमोर कागद असतो. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, आणि प्रत्येक उत्तराला मार्क. तू मनातल्या मनात कितीही हुशार असलीस तरी जे तू बोलली नाहीस ते मी लिहू शकत नाही. आणि जे लिहिलेलं नाही त्याला मार्क नाहीत."

इथं विचारतात तेही ‘तुम्हाला हे येतं का’ असं विचारत नाहीत. विचारतात, ‘असं कधी घडलं होतं ते सांगा’. वरिष्ठांशी मतभेद झाला असा प्रसंग सांगा. चूक झाली असा प्रसंग सांगा. कमी वेळात काम उरकावं लागलं असा प्रसंग सांगा. सरकारी खाती, महापालिका, इस्पितळं आणि बहुतेक मोठ्या कंपन्या ह्याच पद्धतीनं जातात. उत्तराचे चार भाग करायचे: प्रसंग काय होता, माझ्यावर जबाबदारी कोणती होती, मी काय केलं, आणि त्यातून काय निघालं. शाळेत गणिताच्या बाई सांगायच्या ना, नुसतं उत्तर नको, स्टेप्स लिहा, स्टेप्सना मार्क आहेत? अगदी तस्सं. चारांतला तिसरा भाग, ‘मी काय केलं’, हा सगळ्यांत मोठा हवा. आणि आपण मराठी माणसं नेमका तोच गाळतो!

भाचीनं पहिला प्रसंग सांगायला घेतला. "आमच्याकडे एकदा आंब्याच्या रसाच्या डब्यांचा प्रॉब्लेम आला होता. झाकणं नीट बसत नव्हती. मग आम्ही लाइन थांबवली, आणि नंतर सरांनी मशीनचा रोलर बदलून घेतला."

आम्ही विचारलं, "लाइन कोणी थांबवली?"

"आम्ही. म्हणजे, क्वालिटीनं."

"त्या रात्री क्वालिटीत कोण कोण होतं?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "मी एकटीच होते, मामा."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. हंगामाचे दिवस, रात्रीचे दोन वाजलेले. हिनं डबा कापून झाकणाची दुमड मोजली, ती मापात बसेना. दुसरा कापला, तिसरा कापला. पाळीचे सुपरवायझर म्हणाले, सकाळी बघू. ही म्हणाली, सकाळपर्यंत थांबता येणार नाही. लाइन थांबवली, १,८०० डबे बाजूला काढले, त्यांच्यावर खूण केली आणि अंगावर ओरडा घेतला. सकाळी रोलर झिजलेला सापडला. त्यानंतर दर दोन तासांऐवजी अर्ध्या तासानं तपासणी करायची पद्धत हिनंच घालून दिली, आणि त्या हंगामात गळक्या डब्याची एकही तक्रार आली नाही.

टेबलाभोवती कोणी काही बोलेना. आमची कन्या म्हणाली, "ताई, हे तू सांगणारच नव्हतीस?" भाची म्हणाली, "त्यात काय सांगायचं? ते तर माझं कामच होतं." नेमकं हेच, वाचकहो! ते तिचं काम होतं आणि तिनं ते केलं होतं. हे सांगणं ही बढाई कशी होईल? उलट ‘आम्ही थांबवली’ म्हणणं हेच थोडं खोटं होतं, कारण त्या रात्री तिथं दुसरं कोणी नव्हतं. रोलर बदलला तो मेकॅनिकनं, ते श्रेय त्याचं त्याला द्यायचं. लाइन थांबवली ती तिनं, ते तिचं तिनं घ्यायचं. ज्याचं माप त्याच्या पदरात.

तालीम माणसांसमोर

सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन दिवस आमच्या बेसमेंटमध्ये रोज तासभर तालीम झाली. आम्ही, सौभाग्यवती आणि शेजारचे एक निवृत्त कॅनेडियन गृहस्थ असं तिघांचं पॅनेल. घरच्या माणसांसमोर हसू येतं, म्हणून एक परका माणूस असावा. शिवाय आपले उच्चार इथल्या कानाला कुठं अडतात हे त्यालाच कळतं. बोलणं फोनवर टिपून पुन्हा ऐकायचं. फार वेळा घोकायचं नाही, नाही तर उत्तर गॅदरिंगमधल्या भाषणासारखं वाजतं. प्रसंग लक्षात ठेवायचा, वाक्यं तिथल्या तिथं जमवायची.

त्या तालमीत सापडलेल्या काही गोष्टी सगळ्यांच्याच कामाच्या आहेत, म्हणून सांगतो.

‘तुमच्याबद्दल सांगा’ याचं उत्तर दीड-दोन मिनिटांचं. सातारा नको, परभणीही एका वाक्यात. सध्या कोण, आजवर काय केलं, हीच नोकरी का हवी, बस्स.

नजर. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं हा आपल्याकडे आदर. इथं वाटतं की माणूस काही लपवतोय. बोलताना समोरच्याकडे पाहावं, फारच अवघड वाटलं तर दोन भुवयांच्या मध्ये पाहावं.

‘सर’ आणि ‘मॅडम’. भाचीनं पहिल्या तालमीत सतरा वेळा ‘सर’ म्हटलं. इथं लोक पहिल्या नावानं हाक मारतात आणि त्यात अपमान नसतो.

स्वतःचं नाव. ते गडबडीत उरकू नये. सावकाश, तोडून, हसून सांगावं आणि समोरच्याला एकदा म्हणू द्यावं. टोपणनाव घ्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आपणच आपल्या नावाला लाजलो तर दुसरा ते कशाला शिकेल?

उणीव विचारली तर ‘मी फार मेहनत करते हीच माझी उणीव’ असलं गुळमुळीत उत्तर नको. खरी पण सुधारता येणारी एक गोष्ट सांगावी आणि ती सुधारण्यासाठी काय चाललंय तेही. भाचीच्या कागदावरची ती रिकामी जागा इथं कामाला आली.

येत नसेल तर ‘हे मी केलेलं नाही, पण याच्या जवळचं हे केलंय’ असं म्हणावं. दोन क्षण थांबून विचार करायलाही हरकत नाही; शांततेला कोणी मार्क कापत नाही.

मुलाखत व्हिडिओवर असेल तर दिवा समोर, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, आणि त्या तासात कुकर लावायचा नाही. तिसऱ्या शिट्टीला आमच्या ओळखीच्या एका उमेदवाराचं वाक्य हवेत विरलं होतं! प्रत्यक्ष जायचं असेल तर मुलाखतीचा कोट स्वयंपाकघरापासून लांब टांगावा. फोडणी आपल्याला कितीही प्रिय असली तरी तिनं आपल्या आधी खोलीत शिरू नये.

कायदा काय म्हणतो

मंगळवारी भाचीनं विचारलं, "मामा, मुलं कधी होणार असं विचारलं तर?" प्रश्न रास्त होता, भारतात तिला तो दोनदा विचारलेला होता. ब्रिटिश कोलंबियाच्या मानवी हक्क कायद्यानुसार वंश, रंग, मूळ ठिकाण, धर्म, वय, लिंग, वैवाहिक आणि कौटुंबिक स्थिती यांवरून नोकरीत भेदभाव करता येत नाही. तरीही कोणी अजाणता विचारलंच तर तिथं वाद घालण्याऐवजी त्यामागची काळजी ओळखून उत्तर द्यावं: "कामाच्या वेळा आणि पाळ्या मला जमतील." विषय तिथं संपतो. नाही संपला, तर ती जागा कशी आहे हे आपल्यालाही कळतं.

पगाराचंही तसंच. मे २०२३ मध्ये आलेल्या कायद्यानं इथल्या मालकांना ‘आधी किती पगार होता’ असं उमेदवाराला विचारायची बंदी केली, आणि १ नोव्हेंबर २०२३ पासून जाहीर जाहिरातीत अपेक्षित पगार किंवा त्याची मर्यादा छापणं बंधनकारक केलं. म्हणजे नाशिकचा पगार डॉलरमध्ये करून सांगण्याची नामुष्की आता नाही. छापलेल्या मर्यादेत आपण कुठं बसतो आणि का, एवढं ठरवून जावं.

आणि तो ‘कॅनेडियन अनुभव’? १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार इंजिनिअर, शिक्षक, पशुवैद्य, लेखापाल अशा २९ व्यवसायांच्या परवाना देणाऱ्या संस्थांना, सबळ कारण दाखवल्याशिवाय, कॅनेडियन अनुभवाची अट घालता येत नाही. मात्र तो परवान्यांपुरता आहे. प्रत्येक मालकाला बांधणारा नाही. तेव्हा हा प्रश्न येणार असं धरूनच चालावं. भाचीनं उत्तर बसवलं ते असं: "इथला अनुभव काउंटरवरचा आहे, त्यातून मी इथले ग्राहक आणि इथली बोलण्याची पद्धत शिकले. क्वालिटीचा अनुभव सात वर्षांचा आहे, आणि इथले नियम मी वाचलेत. त्यांत मला नवीन काय वाटलं ते सांगू का?" कॉफीच्या काउंटरची लाज बाळगून ते लपवण्यापेक्षा हे किती तरी बरं!

ज्यांना घरात असं पॅनेल जमवता येत नाही त्यांनी संकोच करू नये. इमिग्रंट सर्व्हिसेस सोसायटी ऑफ बीसी (स्थापना १९७२), सक्सेस (१९७३) आणि मोझॅक (१९७६) या संस्था नवागतांना नोकरी शोधायला मदत करत आल्या आहेत, आणि सरकारची वर्कबीसी केंद्रंही गावोगाव आहेत.

गुरुवार

बुधवारी संध्याकाळी भाची रिचमंडपर्यंत एक रंगीत तालीम म्हणून जाऊन आली. कुठली बस, किती चालायचं, दार कोणतं. गुरुवारी अर्थातच पाऊस होता. पिशवीत कोरडे मोजे आणि बूट घेऊन ती अर्धा तास आधी पोचली, जवळच्या दुकानात थांबली आणि ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी आत गेली.

साडेबाराला फोन आला. मागून स्कायट्रेनचा आवाज. "मामा, डब्यांची गोष्ट सांगितली! त्यांनी विचारलं, सुपरवायझर नको म्हणत असताना लाइन थांबवायला भीती नाही वाटली का? मी म्हटलं, वाटली. पण तो डबा कुणाच्या तरी घरी गेला असता त्याची जास्त वाटली." हे उत्तर आम्ही तिला शिकवलेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तिनं दोन ओळींचं आभाराचं ईमेल पाठवून दिलं.

सोमवारी निकाल आला. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. आमच्या घरात त्या रात्री कोणी फारसं जेवलं नाही. पण तिला कोपऱ्यात बसू द्यायचं नाही असं ठरवून मंगळवारी आम्ही पुढच्या तीन जाहिराती टेबलावर पसरल्या. अकराव्या दिवशी त्याच कारखान्यातून पुन्हा फोन. लॅबमध्ये संध्याकाळच्या पाळीला एक जागा निघाली होती, सहा महिन्यांच्या करारावर. पुन्हा मुलाखत नको म्हणाले. हुद्दा नाशिकपेक्षा खालचा होता. भाचीनं एक दिवस मागून घेतला, विचार केला, आणि कराराच्या शेवटी कायम होण्याची शक्यता किती हे आधी विचारून मग होकार दिला. तिचं ते विचारणं आम्हाला नोकरीइतकंच आवडलं.

ही काही परीकथा नाही. चांगली मुलाखत दिली की नोकरी मिळतेच असं नाही, हे आपण सगळे जाणतो. पण चांगला मांडलेला हिशेब समोरच्याच्या लक्षात राहतो, आणि कधी कधी तो अकराव्या दिवशी आठवतो.

जाता जाता एवढंच, की दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या बेसमेंटमधलं पॅनेल आता सर्वांना खुलं आहे. मंडळाच्या कार्यकारिणीकडे नाव द्यावं आणि यावं, चहा-पोहे आमच्याकडे. यायचं ते फक्त जाहिरात आणि दोन खरे प्रसंग घेऊन. पदव्यांची फाईल घरी ठेवावी.

आणि मुलाखतीत ‘मी’ म्हणायला सांगणारा हा लेख आम्ही ‘आम्ही’ म्हणूनच का लिहिला, असं कोणी विचारील. तर ह्या खेपेला त्या बर्नबीच्या बाईंना आमच्यापाशी उत्तर आहे. ‘आम्ही’ म्हणजे जेवणाच्या टेबलाभोवती बसलेले आम्ही चौघं, आणि शेजारचे गृहस्थ धरले तर पाच. लाइन मात्र एकटीनं थांबवली होती.